तत्त्वज्ञान + राज्यशास्त्र + अर्थशास्त्र: एकाच पदवीत तीन विषय, जोडायचे कुणी?

रिकामा_फळा (धागाकर्ता)

परवा रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज. "मामा, पीपीई घेऊ का?" क्षणभर वाटलं, साथ परत आली की काय. मग ट्यूब पेटली. किट नव्हे, पदवी. मी स्वतः तीच केली, त्याला चौदा वर्षं झाली, तरी तिला एका ओळीत उत्तर देता येईना. लिहायला बसलो ते एवढं वाढलं की म्हटलं इथेच टाकावं, इथली मंडळी निदान चुका तरी काढतील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही तिहेरी पदवी (फिलॉसॉफी, पॉलिटिक्स, इकॉनॉमिक्स, म्हणून पीपीई) ऑक्सफर्डमध्ये १९२० च्या सुमारास सुरू झाली. तिथे ग्रीक-लॅटिन, प्राचीन इतिहास आणि तत्त्वज्ञान असा एक जुना मानाचा अभ्यासक्रम होता, त्याला 'ग्रेट्स' म्हणत. ज्यांना पुढे सरकारी कारभारात वगैरे जायचं आहे त्यांना आजच्या जगाबद्दल तसंच काहीतरी शिकायला हवं, म्हणून हा नवा घाट. त्याचं टोपणनावही 'मॉडर्न ग्रेट्स' पडलं. आता ही पदवी जगभर मिळते. कुठे एखादं अक्षर बदलतं, येल विद्यापीठात तर 'नीतिशास्त्र, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र' आहे.

खरं तर हे तिघे मुळात एकाच घरातले. अ‍ॅडम स्मिथ ग्लासगोला नीतितत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता. १७५९ ला त्याने नैतिक भावनांवर ग्रंथ लिहिला आणि १७७६ ला राष्ट्रांच्या संपत्तीवर, आणि आपण विषय बदलला असं त्याला वाटलं असेल असं मला तरी वाटत नाही. पुढे वाटण्या झाल्या. अर्थशास्त्रज्ञ मार्शलच्या १८९० च्या ग्रंथाने 'राजकीय अर्थशास्त्र' मधला 'राजकीय' गळाला, १९०३ ला केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राची वेगळी परीक्षाच सुरू झाली. तेव्हा ही पदवी म्हणजे वेगळ्या चुली मांडलेल्या भावंडांना परत एका घरात राहायला लावणं. आणि असं घर जसं चालतं तसंच ते चालतं.

मुद्दा हाच सांगायचाय. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की तिन्ही विषयांचा 'संगम' होतो. होत नाही. सोमवारी एक बाई मागणीचा वक्र काढून दाखवतात, मंगळवारी एक सर तत्त्वज्ञ ह्यूमच्या दीड पानावर दोन तास घालवतात, बुधवारी तिसरे कुणीतरी निवडणूक पद्धती शिकवतात, आणि या तिघांनी एकमेकांचा वर्ग कधी पाहिलेला नसतो. जोडायचं काम विद्यार्थ्याचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कळलं ते असं. दुसऱ्या सत्रात निबंध होता: माणूस मतदानाला का जातो? अर्थशास्त्रज्ञ डाउन्सने १९५७ मध्ये मांडलेला पेच आहे. आपल्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता जवळपास शून्य, रांगेत मोडणारा वेळ मात्र खरा. मग हिशेबी माणसाने घरीच बसायला हवं. तरी कोट्यवधी लोक जातात. मी झोकात लिहिलं. पहिल्या पानावर 'रॅशनल' म्हणजे आपल्या आवडीनिवडींचा क्रम सुसंगत ठेवणारा माणूस, जसं अर्थशास्त्रात शिकवतात. तिसऱ्या पानावर 'रॅशनल' म्हणजे ज्याच्याकडे आपल्या कृतीचं समर्थनीय कारण आहे असा माणूस. मधे कुठेतरी नुसताच 'शहाणा'. निबंध परत आला तेव्हा लाल शेरे नव्हते. त्या एका शब्दाभोवती पेन्सिलने गोल काढले होते. मोजले, अकरा. खाली एक ओळ: "हे अकराही एकच आहेत का?"

माझ्या मते माझी पदवी त्या दिवशी सुरू झाली. पण बरोबरीच्या कित्येकांना असे गोल काढणारं कुणी भेटलं नाही आणि ते तिन्ही विषयांत छान गुण घेऊन बाहेर पडले, हेही तितकंच खरं. म्हणून भाचीला 'घे' म्हणू की 'नको' हे ठरत नाहीये. बोला.

(नोकरीचं विचाराल तर: सल्लागार कंपन्या, पत्रकारिता, सरकारी खाती, बँका, पुढे कायदा. मिळते. थेट अशी कुठलीच नाही.)

टाचणी

एक ना धड, भाराभर चिंध्या. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

या पदवीने जगाला काय दिलं? कॅमेरॉन, ट्रस, सुनक, तिघेही हीच पदवी घेतलेले ब्रिटिश पंतप्रधान. ट्रसबाईंनी २०२२ ला पैसा कुठून येणार ते न सांगता करकपात जाहीर केली, सरकारी रोखे कोसळले, मध्यवर्ती बँकेला मधे पडावं लागलं आणि ४९ दिवसांत बाई घरी. तीन वर्षं अर्थशास्त्र शिकून हे? ही पदवी माणसाला कुठल्याही विषयावर दहा मिनिटं अस्खलित बोलायला शिकवते. अकराव्या मिनिटाला विषय बदलायलाही शिकवते.

खिडकीशेजारी

+१ टाचणी. आमच्या ऑफिसात एक आहे. मीटिंगमध्ये त्याच्यासारखा कुणी बोलत नाही. एक्सेल मात्र मी करते.

वाळवी

@टाचणी, अर्धंच सांगितलंत. ती करकपात धोक्याची आहे असं त्याच उन्हाळ्यात पक्षांतर्गत प्रचारात जाहीरपणे बजावणारा माणूस कोण? सुनक. पदवी तीच. पदवीवरून माणूस कुठल्या बाजूला जाईल ते कळत नाही एवढंच यातून निघतं. हॅरॉल्ड विल्सन मजूर पक्षाचा आणि एडवर्ड हीथ हुजूर पक्षाचा, दोघेही हेच शिकलेले. बेनझीर भुट्टो आणि इम्रान खान हेही. माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉक आणि कट्टर डावे लेखक तारिक अली हे दोघे एकाच अभ्यासक्रमातून निघाले, आता यातून काय अनुमान काढायचं ते काढा.

टाचणी

अनुमान एकच, की ऑक्सफर्डचा शिक्का चालतो. बाकीच्यांचं काय?

वाळवी

हा मुद्दा मान्य. शिक्क्याचा भाग आहेच.

पण 'विषय जुळत नाहीत' या धागाकर्त्याच्या म्हणण्याला थोडा आक्षेप. काही ठिकाणी ते असे घट्ट जुळलेले आहेत की सुटे करताच येत नाहीत. मला ज्या उदाहरणाने वेड लावलं ते देते, कागद घेऊन बसा.

तीन माणसं, तीन पर्याय: रस्ता, शाळा, दवाखाना. पैसे एकापुरतेच.

पहिली: रस्ता, मग शाळा, मग दवाखाना.
दुसरी: शाळा, मग दवाखाना, मग रस्ता.
तिसरी: दवाखाना, मग रस्ता, मग शाळा.

आता दोन-दोन पर्यायांवर मत घ्या. रस्ता की शाळा? पहिली आणि तिसरी म्हणतात रस्ता. शाळा की दवाखाना? पहिली आणि दुसरी म्हणतात शाळा. म्हणजे रस्ता शाळेच्या वर, शाळा दवाखान्याच्या वर, तेव्हा रस्ता दवाखान्याच्या वर असायलाच हवा ना? घ्या मत. दुसरी आणि तिसरी म्हणतात दवाखाना. फिरून तिथेच!

प्रत्येक माणूस स्वतःपुरता अगदी सुसंगत आहे, 'बहुमत' मात्र गोल गोल फिरतंय. हे फ्रेंच विचारवंत कोंदोर्सेने १७८५ मध्ये दाखवलं. १९५१ मध्ये अ‍ॅरोने सिद्ध केलं की दोष या एका पद्धतीचा नाही. तीन किंवा जास्त पर्याय असले आणि काही साध्या, कुणालाही पटतील अशा अटी घातल्या, तर त्या सगळ्या एकदम पाळणारा, क्रमवारीवरून क्रमवारी काढणारा एकही नियम असू शकत नाही. अ‍ॅरो अर्थशास्त्रज्ञ, पुढे नोबेल मिळालेला. पण प्रश्न राज्यशास्त्राचा आहे, आणि 'मग लोकेच्छा म्हणजे नक्की काय?' हा प्रश्न सरळ तत्त्वज्ञानाचा. १९७० मध्ये अमर्त्य सेन यांनी त्यात आणखी एक पाचर मारली: प्रत्येकाला स्वतःपुरत्या एखाद्या बाबतीत शेवटचा शब्द द्या, आणि सगळ्यांना एकमताने जे बरं वाटतं तेही माना, तर दोन्ही एकत्र नांदतीलच याची खात्री देता येत नाही.

आता वरच्या तक्त्यात दवाखानावालीने काय करावं? आधी रस्ता विरुद्ध शाळा असं मत घ्यायला लावावं. रस्ता जिंकेल. मग हळूच दवाखाना पुढे करावा. तो रस्त्याला हरवतो. विषयपत्रिका ज्याच्या हातात, निकाल त्याच्या हातात. हे कळल्यापासून मी सोसायटीच्या सभेत 'आधी कुठला ठराव घ्यायचा' यावरच भांडते.

गणितभीरू

सोसायटीच्या सभेचं वाचून दंडवत. 😄

माझा प्रश्न साधा आहे. गणित किती लागतं? बारावीनंतर मी गणिताला हात जोडले आहेत.

रिकामा_फळा

@वाळवी, मान्य. 'आपोआप जुळत नाहीत' असं म्हणायला हवं होतं.

@गणितभीरू, दुखरी नस. पहिल्या वर्षी कलन लागतं, फार नाही: विकलन, एखादी मर्यादा घालून कमाल-किमान काढणं, लाग्रांजचा गुणक. ते घोकून निभतं. खरी परीक्षा संख्याशास्त्र आणि इकॉनॉमेट्रिक्सची (म्हणजे आर्थिक आकडेवारीला संख्याशास्त्र लावणं). मी काय केलं, तर पहिल्या वर्षी संख्याशास्त्राच्या तासांना दांड्या मारून राजकीय तत्त्वज्ञान वाचत बसलो, कारण ते 'खोल' वाटायचं. दुसऱ्या वर्षी समाश्रयण (रिग्रेशन: एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध ते आकड्यांतून काढणं) आलं आणि वर्गात सगळे 'इथे तिसरा घटक लपलाय' असं म्हणत असताना मला तक्त्यातला कुठला आकडा वाचायचा हेच कळेना. नापास झालो. सुट्टीत परत परीक्षा दिली. त्याहून वाईट म्हणजे त्यामुळे राज्यशास्त्रातले निम्मे शोधनिबंध मी सारांश वाचूनच सोडून दिले, कारण हल्ली त्यातही तेच तक्ते असतात. गणित टाळायला राज्यशास्त्राकडे पळावं तर तिथेही ते आधीच येऊन बसलेलं.

सकाळची_शाळा

शिकवते (हा विषय नाही). तरीही एक उदाहरण देते, आम्हा शिक्षकांना अगदी घरचं वाटणारं.

इस्रायलमधल्या हैफा शहरातली १० पाळणाघरं. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे. दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्यातल्या ६ ठिकाणी दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाल्यास छोटासा दंड लावून पाहिला. उशीर कमी व्हावा ना? वाढला, जवळपास दुप्पट झाला. काही आठवड्यांनी दंड काढून टाकला, तरी उशीर खाली आला नाही. हा निबंध २००० सालचा, आणि त्याचं शीर्षकच 'दंड म्हणजे किंमत' अशा अर्थाचं आहे.

बाईंना ताटकळत ठेवलं याची जी लाज होती ती गेली, तिच्या जागी दर आला. दर भरला की लाजायचं कारण उरलं नाही. आणि दर काढला म्हणून लाज परत आली नाही.

आता नुसतं अर्थशास्त्र शिकलेला म्हणेल, दंड फार कमी होता, वाढवा. कदाचित चालेलही. पण 'काही गोष्टींना किंमत लावली की ती गोष्टच बदलते का' हा प्रश्न त्याला सुचायला दुसऱ्या खोलीत जावं लागतं. आणि दंड लावायचा अधिकार कुणाचा, पालकांना विचारलं होतं का, हे विचारायला तिसऱ्या.

खिडकीशेजारी

आमच्याकडे उशिरा येणाऱ्यांचा अर्धा दिवस कापतात. आता कळलं लोक दुपारीच का येतात.

उंबरठा

सध्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून आतली बातमी देतो.

सगळ्यात मोठा घोळ वाचनाच्या वेगाचा. राज्यशास्त्राची शंभर पानं एका संध्याकाळी होतात, कारण तुम्ही दावा आणि पुरावा शोधत असता. तत्त्वज्ञानाची बारा पानं चार दिवस खातात. अर्थशास्त्राचं तर वाचायचंच नसतं, गणितं सोडवायची असतात. मी पहिलं सत्र तिन्ही एकाच वेगाने वाचत होतो आणि तिन्हीत बुडत होतो. दुसरं म्हणजे लिहिण्याची पद्धत. राज्यशास्त्राच्या निबंधात 'काही अभ्यासकांच्या मते' चालतं. तेच तत्त्वज्ञानाच्या सरांना दिलं की विचारतात, "तुझं मत काय आणि का?" आणि अर्थशास्त्राच्या बाई विचारतात, "गृहीतकं कुठायत?"

आता प्रश्न: आमच्याकडे दुसऱ्या वर्षानंतर एक विषय सोडता येतो (ऑक्सफर्डला पहिल्या वर्षानंतरच, तिथे बरेच जण सोडतात). कुठला सोडू?

टाचणी

तत्त्वज्ञान सोड. ते पुस्तक विकत घेऊन घरीही वाचता येतं.

वाळवी

चूक! घरी वाचता येतं ते राज्यशास्त्र. तत्त्वज्ञान घरी वाचलं की आपण सगळ्यांशी सहमत होत जातो. रॉल्स वाचला की रॉल्स पटतो, त्यानंतर त्याच्या अगदी विरुद्ध बाजूचा नोझिक वाचला की नोझिक. समोर कुणीतरी 'थांब, ही पायरी कशी आली?' म्हणणारा लागतो, तो पुस्तकात नसतो.

रिकामा_फळा

मी राज्यशास्त्र सोडलं होतं. चूक होती असं आता वाटतं, पण कारण वेगळं. अर्थशास्त्र 'काय झालं तर काय होईल' सांगतं, तत्त्वज्ञान 'काय व्हायला हवं' ते. 'हे कोण होऊ देणार नाही' ते सांगणारा विषय मी सोडून बसलो.

पाणवठा

राज्यशास्त्राला इतकं हलक्यात घेताय म्हणून लिहितोय. गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये सामाईक कुरणाची शोकांतिका सांगितली: प्रत्येकजण आपलं एक जनावर वाढवतो, कुरण संपतं. उपाय दोनच, खासगी मालकी किंवा सरकारी नियंत्रण. कागदावर बिनतोड. एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंनी काय केलं, तर लोक प्रत्यक्षात काय करतात ते जाऊन बघितलं आणि इतरांनी बघितलेलं गोळा केलं. स्वित्झर्लंडमधलं ट्योर्बेल गाव, तिथली सामाईक कुरणं शेकडो वर्षं टिकून. नियम साधा: हिवाळ्यात जेवढी गुरं पोसता येतील तेवढीच उन्हाळ्यात कुरणावर सोडायची. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे पाण्याचे पाट, जपानमधली गावांची सामाईक जंगलं, सगळीकडे लोकांनी आपसात नियम केलेले, आपसात पहारा ठेवलेला. जिथे मोडलं तिथे का मोडलं तेही त्यांनी मांडलं.

२००९ ला त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणारी पहिली स्त्री, आणि डॉक्टरेट राज्यशास्त्रातली. उंबरठा, ठरव आता काय सोडायचं ते.

उंबरठा

म्हणजे काहीच सोडू नको असं दिसतंय. धन्यवाद, अजिबात मदत झाली नाही. 🙏

तळटीप

थोडं अवांतर, पण त्या अकरा गोलांवरून सुचलं.

आपल्या मराठी अर्थशास्त्राच्या पुस्तकांत 'रॅशनल' ला 'विवेकशील' म्हणतात. घटत्या सीमांत उपयोगितेच्या सिद्धांताची (एकच वस्तू घेत गेलं की प्रत्येक पुढच्या नगाचं समाधान कमी होतं) गृहीतकं आठवा, त्यात 'विवेकशीलता' असते: ग्राहक स्वतःचं जास्तीत जास्त समाधान साधतो. आता मराठीत विवेक म्हणजे काय हो? ज्ञानेश्वरांपासून रामदासांपर्यंत कुणाकडेही गेलात तरी विवेक म्हणजे सार-असार, नित्य-अनित्य, बरं-वाईट वेगळं करण्याची शक्ती. सदसद्विवेक म्हणतो आपण. म्हणजे ज्या माणसाने आपल्या हव्यासाला लगाम घातला तो एका परंपरेत विवेकी, आणि ज्याने हव्यास अगदी सुसंगतपणे, हिशेबाने पुरवला तो दुसऱ्या पुस्तकात विवेकशील. ह्यूम तर म्हणून बसला होता की बोटाला ओरखडा येण्यापेक्षा सगळं जग नष्ट झालेलं परवडलं असं कुणाला वाटलं, तरी ते बुद्धीच्या विरुद्ध नाही. त्याला 'विवेकाच्या विरुद्ध नाही' असं मराठीत म्हणून बघा. जीभ अडखळते.

भाषांतर करणाऱ्याने नकळत एक अख्खा वाद मिटवून टाकला. मला विचाराल तर तिथे 'हिशेबी' हा शब्द जास्त प्रामाणिक झाला असता.

वाळवी

तळटीप, हा प्रतिसाद चिकटवून ठेवते. 'हिशेबी' झकास.

सकाळची_शाळा

+१. आणि तिन्ही विषय एकाच डोक्यात असले की काय होतं ते पाहायचं तर आंबेडकर. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, तिथेच जॉन ड्यूईंकडे तत्त्वज्ञान, रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ चा, आणि पुढे राज्यघटना. २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण काढून वाचा: राजकारणात एक माणूस एक मत एक मूल्य, आणि सामाजिक-आर्थिक जगण्यात विषमता, ही विसंगती किती काळ चालवणार. यातलं वाक्य कुठल्या विषयाचं, सांगा बघू.

टाचणी

हे मात्र मान्य. पण त्यांनी एकेका विषयात खणलं होतं. आधी पीएच.डी.ची खोली, मग रुंदी. पदवीला आलेल्या अठरा वर्षांच्या पोराला रुंदी आधी देता, हाच माझा आक्षेप होता आणि आहे.

रिकामा_फळा

टाचणी, या वाक्याशी माझं फार भांडण नाही. माझ्या वर्गातले जे चांगले निघाले त्यांनी गुपचूप एक विषय मनाशी धरला होता आणि बाकीचे दोन त्याच्यावर सोडले होते, कुत्रे सोडावेत तसे.

असो. काल भाचीला हा सगळा धागा पाठवला. सोबत लिहिलं: घे, पण संख्याशास्त्राला दांडी मारायची नाही, आणि पहिल्या सत्रातच असे एक शिक्षक शोध जे शब्दाभोवती गोल काढतात. ते कुठल्या विषयाचे आहेत याने फरक पडत नाही.

तिचं उत्तर आज सकाळी आलं: "मामा, मग ते अकराही एकच होते का?"

जुनी फाईल काढली. निबंध आहे अजून, पेन्सिल पुसट झालीय. सात अर्थशास्त्रवाले, तीन तत्त्वज्ञानवाले. आठव्या गोलातल्या शब्दाने मला काय म्हणायचं होतं ते आज वाचूनही कळलं नाही.

टाचणी

निबंध टाका इथे. बघू.

रिकामा_फळा

टाकतो. गुण विचारायचे नाहीत.